पोंग्यातली गुणगुण

सकाळी आठच्या सुमाराला केतकीनं हिवराच्या फांदीला झोळी बांधली, जाईला आत ठेवलं, गुणगुणत दोन झोके दिले आणि रोजच्यासारखी कानांवर नजर टाकली. सगळे हिरवे होते.

सातदरीत 'कान' म्हटलं की डोक्याच्या दोन बाजूंचे कुणाला आठवत नसत. गुडघाभर उंचीच्या बांबूवर बसवलेली, वांग्याएवढी करडी डबी म्हणजे कान. सरकारी कागदावर तिचं नाव 'ध्वनिवेधक' असं होतं, पण ते कागदावरच राहिलं. डबीतून केसासारख्या बारीक तारा निघत आणि शेजारच्या मक्याच्या ताटांना चिमट्यांनी अडकवलेल्या असत. मक्याच्या माथ्यावर कोवळी पानं सुरळीसारखी गुंडाळलेली असतात, त्याला पोंगा म्हणतात. लष्करी अळीला तीच जागा आवडते. ती पोंग्यात शिरून पान खरवडायला लागली की तिची कुरकुर ताटातून तारेत आणि तारेतून डबीत उतरायची. माणसाला ती ऐकू येत नाही, कानाला येते. कुरकुर वाढली की डबीवरचा हिरवा दिवा पिवळा व्हायचा, मग तांबडा. तांबडा झाला की बांबूला बांधलेली छोटी कुपी आपोआप उघडायची आणि आतल्या मित्रमाश्या बाहेर पडायच्या. या माश्या तिळाहून लहान, चावत नाहीत, धड दिसतही नाहीत. त्या अळीच्या पतंगानं घातलेली अंडी हुडकून त्यांत आपली अंडी घालतात. मग त्या अंड्यातून अळीऐवजी माशीच बाहेर येते.

एकोणीस वर्षं सातदरीत कुणी फवारणीचा पंप पाठीला लावला नव्हता. सगळा भरवसा कानांवर. त्यामुळे आणखी एक गोष्ट झाली होती, तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. बायकांनी तासा-तासातून, म्हणजे ओळी-ओळीतून, चालत जाऊन पोंगे तपासायचं काम बंद झालं होतं. पेरणी, खुरपणी, काढणी एवढ्यापुरतं माणूस शेतात दिसे. मधले दीड-दोन महिने मका आपला आपण वाढे, गुपचूप.

या वर्षी केतकीच्या शेतात मात्र माणसाचा आवाज होता. वडिलांचे, कडुबांचे, गुडघे धरले म्हणून ती जालन्याहून दहा महिन्यांच्या जाईला घेऊन माहेरी आली होती. नवरा कारखान्यात; तो शनिवारी यायचा. आणि जाई अशी वस्ताद, की घरातल्या पाळण्यात डोळ्याला डोळा लावायची नाही. हिवराच्या सावलीत, मक्याच्या वाऱ्यावर, तेही आई जवळपास गुणगुणत असली तरच झोपायची. केतकी दोन ओळींमधल्या चवळीतलं तण काढत गुणगुणायची. शब्द नव्हतेच. तीन पायऱ्या वर चढून एक खाली उतरणारी एवढीशी चाल. ती कुठून आली हे केतकीला ठाऊक नव्हतं. जाई झाल्यावर पहिल्यांदा तिला थोपटताना ती आपोआप ओठांवर आली होती.

त्या दिवशी ती भाजीसाठी चवळीच्या शेंगा तोडायला वाकली आणि तिला मक्याचं एक पान काचेसारखं आरपार दिसलं. हिरवा गर खरवडून नुसता पापुद्रा उरलेला. तिनं पोंगा उकलला. आत लाकडाच्या ओल्या भुशासारखी घाण भरली होती, आणि त्या घाणीत बोटभर लांब अळी, कपाळावर उलट्या इंग्रजी वाय अक्षरासारखी पांढरी खूण. केतकीनं शेजारचं ताट पाहिलं. त्यातही. पुढच्या वीस ताटांतल्या तेरांमध्ये अळी निघाली. शेजारी डबी हिरवागार दिवा लावून शांत उभी होती.

शेजारच्या शेताची कासाबाई बांधावरून येत होती. साठी ओलांडलेली, केतकीच्या आईची जिवाभावाची मैत्रीण. केतकी तिला मावशी म्हणायची.

"काय वं, अशी खांबासारखी का उभी राह्यली?" कासामावशीनं विचारलं.

केतकीनं पोंगा तिच्यापुढे धरला. मावशी वाटेनं काहीतरी पुटपुटत आली होती, ती एकदम गप्प झाली. तिनं खाली वाकून चिमूटभर माती उचलली, अळी गुदमरावी म्हणून पोंग्यात सोडली, बोटानं दाबली. मग दुसऱ्या ताटाशी, मग तिसऱ्या. एकोणीस वर्षांत हे काम न केलेला हात एकदाही अडखळला नाही. पंधरा-वीस ताटं झाल्यावरच तिनं तोंड उघडलं आणि एवढंच म्हटलं, की कान बहिरे झालेत, फिरोजला बोलव.

फिरोज तडवी सोयगावला राहायचा. बावन्न गावांचे कान त्याच्याकडे. त्याला लोक कानवाला म्हणत आणि तोही फोन उचलताना 'कानवाला बोलतोय' असंच म्हणायचा. दुसऱ्या दिवशी तो आला, तारा ओढून पाहिल्या, डब्या उघडल्या, आठवडाभराचे आवाज स्वतःच्या कानाला लावून ऐकले. डब्यांमध्ये काही बिघाड नव्हता. अळ्यांची कुरकुर स्वच्छ टिपली गेली होती. ती टिपूनही यंत्र म्हणत होतं की झाड निरोगी आहे. अंदाजानं नाही, नव्याण्णव टक्के खात्रीनं. आणि एक कान ठामपणे 'निरोगी' म्हणाला की आसपासचे कान आपली शंका गिळत. तशीच त्यांची रचना होती, एकट्यादुकट्या कानानं उगाच बोंब मारू नये म्हणून. केतकीच्या शेतातली ही खात्री हळूहळू उतारावरच्या आणखी चार शेतांत पसरली होती.

संध्याकाळी चावडीपुढे माणसं जमली. सरपंच सांडूआप्पा तापट नव्हते, पण त्यांचं स्वतःचं शेत त्या चारांत होतं. त्यांनी सरळ हिशेब मांडला: अळी तुऱ्यापर्यंत चढली की कणसात शिरते, मग काही हाती लागत नाही. आठ दिवस वाट पाहू. कान सुधारले नाहीत, तर पुढच्या गुरुवारी ड्रोन मागवून सगळ्या शिवारात विषारी औषध फवारू. कुणीतरी म्हणालं की फवारलं तर मित्रमाश्याही मरतील. आप्पा म्हणाले, मला कळतंय ते.

कासामावशी बायकांत बसली होती. ती उठून पुढे आली आणि तिनं आपले दोन्ही तळहात आप्पांसमोर धरले. तळव्यांची कातडी अजून कागदासारखी गुळगुळीत होती. फवारणीच्या वर्षांत सोलून निघाली ती पुन्हा रेषा घेऊन आलीच नाही.

"आप्पा, हात पाहायचा झाला तर माझा पाहा," ती म्हणाली. "भविष्य नाही दिसायचं. मागचं दिसंल."

ठरलं मात्र तेच: आठ दिवस.

फिरोज दुसऱ्या दिवशी सकाळीच येऊन बांधावर बसला. मांडीवर पाटीएवढा पडदा, त्यावर कानांच्या खात्रीच्या रेघा. त्याला एक गोष्ट खटकत होती. यंत्राची चूक दिवसभर नव्हती. सकाळी आठ ते अकरा आणि दुपारी चार ते सहा एवढ्याच वेळेत ती व्हायची. बाकीच्या वेळी यंत्र कुरकुर ऐकून शंका घ्यायचं, दिवा पिवळा व्हायचा, आणि तांबडा होण्याआधीच ठरल्या वेळी कुणीतरी समजूत काढल्यासारखा पुन्हा हिरवा.

आत्ताही जवळचा दिवा पिवळा होता. तेवढ्यात झोळीत जाई कुरबुरली. केतकी खुरपं ठेवून गेली नाही, जागेवरूनच गुणगुणायला लागली. दिवा हिरवा झाला.

फिरोजनं पडद्यावरून मान वर केली. "ताई, परत म्हणा."

"काय म्हणू?"

"ते आत्ता म्हणत होता ते."

केतकी लाजली. परक्या माणसासमोर मुलीला झोपवणं वेगळं आणि गाऊन दाखवणं वेगळं. पण दिव्याकडे बघत तिनं चाल पुन्हा धरली. पिवळ्याकडे झुकलेला दिवा हिरवा झाला. ती थांबली तसा पुन्हा पिवळा. फिरोजनं स्वतः गुणगुणून पाहिलं. दिवा हलला नाही.

"रेड्याच्या गळ्यानं लेकरू झोपतं व्हय रे?" बांधावरून कासामावशी म्हणाली. मग तिनं गुणगुणून पाहिलं, तर दिवा क्षणभर फिकट हिरवा होऊन परत फिरला. केतकीच्या आवाजाला मात्र तो बिनशर्त मान तुकवत होता.

तेव्हा फिरोजनं एक वेगळी गोष्ट केली. यंत्राला आवाज ऐकवून उत्तर मागायचं, हा नेहमीचा रस्ता. त्यानं तो उलटा फिरवला. यंत्राला विचारलं: झाड निरोगी आहे याची तुला सगळ्यात पक्की वाटणारी खूण कोणती? तीच तयार करून ऐकव. हे म्हणजे, त्यानं समजावून सांगितलं, एखाद्या पोराला 'आई काढ' म्हणून कागद देण्यासारखं. ते फोटो काढणार नाही, पण त्याच्या मनात आई म्हणजे काय आहे ते कळेल.

पडद्यातून आधी खरखर आली. मग पानांची सळसळ. आणि सळसळीच्या आतून, विहिरीच्या तळाशी कुणी बसून गुणगुणावं तशी, तीन पायऱ्या वर चढून एक खाली उतरणारी चाल.

कासामावशी बांधावर खाली बसली.

"उज्ज्वला," ती म्हणाली.

उज्ज्वला म्हणजे केतकीची आई. केतकी अडीच वर्षांची असताना तापानं गेली. केतकीकडे तिचे चार फोटो होते आणि एक व्हिडिओ, लग्नाच्या हळदीतला. त्यात आई शेजारणीच्या कानाला लागून काहीतरी बोलते आणि दोघी हसतात. पण व्हिडिओ करणाऱ्यानं वरून सिनेमाचं गाणं चढवलं होतं. आई काय बोलली ते कधीच कुणाला कळलं नाही, आणि कशा आवाजात बोलली तेही. केतकीनं तो व्हिडिओ लहानपणी आवाज बंद करून कितीदा पाहिला होता.

मग मावशीनं सगळं सांगितलं, तुटक तुटक, मध्ये नाक पुसत. चोवीस वर्षांपूर्वी कानांची पहिली शिकवणी याच सातदरीत झाली. तेव्हा कानांना काही येत नव्हतं. कान बनवणाऱ्या संस्थेच्या माणसांनी दहा बायकांच्या कमरेला आवाज टिपणारे पट्टे बांधले. ताटाशी जायचं, पट्ट्याची तार लावायची, पोंगा उकलून बघायचा. अळी नसली तर पांढरं बटण, असली तर तांबडं. त्यावरून यंत्र शिकणार होतं. बायका चालताना गुणगुणायच्या, पण त्यांच्यात एक जुना दंडक होता: अळी दिसली की तोंड मिटायचं. अळीपुढे गाणं म्हणू नये, तिला गोड लागतं, ती जास्त खाते, असं त्यांच्या सासवांनी सांगितलेलं, आधी ज्वारीतल्या अळ्यांच्या बाबतीत. त्यामुळे निरोगी ताटाशी गुणगुण चालू आणि रोगट ताटाशी बाई गप्प, चिमूटभर माती, तांबडं बटण. दिवसाला शेकडो ताटं, सबंध हंगाम. शिकवायला आलेल्या शहाण्या माणसांपैकी एकाच्याही हे लक्षात आलं नाही, कारण बायकांनी ते सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काय आहे असं त्यांना वाटलं.

"बाकीच्या आम्ही नाकातल्या नाकात," मावशी म्हणाली. "तुझी आई मोठ्यानं. तू झोळीत होती ना वं. ह्याच हिवराला. शेताच्या त्या टोकाला गेली तरी तुझ्यापर्यंत आवाज पोचला पाहिजे म्हणायची, नाही तर उठती."

फिरोजनं पडदा मांडीवरून खाली ठेवला. आपण इतकी वर्षं समजत होतो की यंत्र अळीला ऐकायला शिकलं, तो म्हणाला. शिकलं ते थोडंफार. पण त्याआधी ते केतकीच्या आईला ऐकायला शिकलं. ती गुणगुणतेय म्हणजे सगळं ठीक आहे. पुढे शेतं मुकी झाली, गुणगुण बंद पडली, म्हणून चूक एवढी वर्षं झोपून राहिली. आईच्या गळ्याची मुलगी तीच चाल घेऊन शेतात आली आणि ती जागी झाली.

मूळ आवाज कुठे आहेत, हे केतकीनं विचारलं. ते नव्हते. माणसाचा आवाज सहा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायचा नाही असा संस्थेचा नियम होता, आणि तो नियम चांगला होता. आवाज पुसले गेले, शिकवण उरली. उज्ज्वलाचा आवाज या जगात कुठे उरला असेल, तर तो एका यंत्राच्या चुकीत.

आता काय करायचं, याची सगळ्यात सोपी वाट सांडूआप्पांनी सुचवली: केतकीनं शेतात गुणगुणू नये. झालं. केतकीला ती वाट आप्पांपेक्षा जास्त हवी होती. आपण गप्प राहिलो तर यंत्र कुरकुर ऐकेल, कुप्या उघडतील, पीक वाचेल, आणि आई आत तशीच राहील. कुणाला धक्का न लावता. दुसऱ्या दिवशी तिनं तोंड मिटून काम करून पाहिलं. जाई रडून रडून निळी झाली. शेवटी मावशीनं तिला उचलून घरी नेलं.

पण फिरोजनं त्याच दुपारी दुसरी बातमी आणली. खालच्या खोऱ्यातल्या दोन गावांतून तशाच तक्रारी आल्या होत्या. तिथल्या कानांची शिकवणी वेगळी झालेली नव्हती. सातदरीचंच शिकलेलं यंत्र सगळीकडे गेलं होतं. एके ठिकाणी तर तान्ह्या जुळ्यांची आई होती. चाल वेगळी, पण आवाज बाईचा, हळू, झोपवणारा. यंत्राला तेवढं पुरत होतं.

"त्यांनाही गप्प बसा म्हणून सांगायचं का?" त्यानं विचारलं. टोमणा नव्हता, तो खरंच विचारत होता.

दुसरी वाट म्हणजे पुन्हा शिकवणी. निदान दोन हजार ताटं तपासायची. निरोगी ताटाशी कधी गुणगुणायचं, कधी नाही. आणि अळीच्या ताटाशीही तसंच. म्हणजे यंत्राला कळेल की गुणगुणीचा आणि अळीचा काही संबंध नाही. मग ते गुणगुणीकडे लक्ष देणं सोडून देईल. तिला विसरेल.

"विसरेल म्हणजे? परत उलटं विचारलं तर?"

"नाही येणार ताई. त्याला तिची गरज उरणार नाही. काल ऐकलं ते मी साठवलंय, तुम्हाला देतो. पण ते त्यानं काढलेलं चित्र आहे. तिला ओळखणारं मात्र हे यंत्रच."

केतकी संध्याकाळी एकटीच शेतात गेली. ऊन कलतं होतं. ती एका कानापुढे बसली आणि तिनं चाल धरली. दिवा हिरवा झाला. तिला कळलं की तिला काय सोडायचं नाहीये. आवाज फोनमध्ये मिळेल. पण ही चाल ऐकून 'हो, तूच, सगळं ठीक आहे' म्हणणारं सबंध जगात दुसरं काही नव्हतं. वडिलांनी इतक्या वर्षांत ती चाल ओळखली नव्हती. ते तेव्हा उसाच्या टोळीबरोबर दूर असायचे. ती थांबली. समोरच्या पोंग्यातून ओल्या भुशाचा वास येत होता. दिवा अजून हिरवा होता, आणि त्याच्या अगदी शेजारी पान खाल्लं जात होतं.

तिनं फोन काढून फिरोजला सांगितलं, उद्या पट्टे घेऊन या.

गुरुवारला सहा दिवस उरले होते. कासामावशी आली, तिनं आणखी चौघींना आणलं. सकाळी तासाच्या तोंडाशी उभ्या राहून सगळ्यांनी पट्टे बांधले. पहिली पंचवीस-तीस ताटं सोपी गेली. मग मावशीला अळी सापडली आणि तिचे ओठ मिटले. फिरोज म्हणाला, मावशी, म्हणा. मावशीनं मान हलवली. सासूला मरून तीस वर्षं झाली तरी ती मागे उभी आहे असं वाटतं म्हणाली. जीभ उचलत नाही.

केतकीनं तो पोंगा आपल्या हातात घेतला. अळी तिच्या बोटावर चढली, थंड, मऊ, आपल्याच नादात. तिला लहानपणी कुणी सांगितलं नव्हतं की अळीपुढे गाऊ नये, तरी तिचीही गुणगुण आपोआप थांबली होती. मग झोळी हलली. जाईनं झोळीच्या काठावरून डोकं काढलं आणि आईकडे पाहिलं. आई का थांबली, एवढंच तिला पाहायचं होतं.

केतकी गुणगुणायला लागली. बोटावरच्या अळीकडे बघत, चाल न मोडता. तीन पायऱ्या वर, एक खाली. तिनं अळी डब्यात टाकली, पोंग्यात माती सोडली, तांबडं बटण दाबलं. यंत्राच्या चोवीस वर्षांच्या समजुतीला पहिला तडा गेला असेल तो तिथे. जाई पुन्हा आडवी झाली.

दुसऱ्या दिवसापर्यंत केतकीचा आवाज बसला. तिसऱ्या दिवशी मावशीनं अळीपुढे पहिल्यांदा तोंड उघडलं, आणि लगेच सासूची माफीही मागितली, मोठ्यानं, पट्ट्यात टिपली जाईल अशी. फिरोज म्हणाला, आता यंत्र तुमच्या सासूबाईंनाही शिकेल. बायका हसल्या. दुपारी भाकरी खाताना त्यांना जुन्या शिकवणीच्या गोष्टी आठवायच्या आणि केतकी एकेक वेचून घ्यायची. आई पट्ट्याला टाचणीनं फुलं लावायची. आई बटणं दाबताना 'पांढरं गं, तांबडं गं' असं झोळीला सांगायची. एकदा तांबडं बटण अडकलं तेव्हा आईनं पट्ट्याला दम दिला होता. हे सगळं कधीतरी यंत्रात गेलं होतं आणि पुसलं गेलं होतं, आणि या बायकांमध्ये मात्र होतं. आजवर कुणी विचारलं नव्हतं, म्हणून त्यांनी सांगितलं नव्हतं.

सहाव्या दिवशी दुपारपर्यंत दोन हजार एकशे चाळीस ताटं झाली. फिरोजनं नवी शिकवण डब्यांत उतरवली. सांडूआप्पा बांधावर छत्रीला टेकून उभे होते. केतकी सगळ्यात जवळच्या कानापाशी गेली आणि बसलेल्या आवाजात गुणगुणली. दिवा पिवळा होता. पिवळाच राहिला. ती गुणगुणत राहिली आणि दिवा तांबडा झाला. टक् करून कुपी उघडली. उन्हात क्षणभर धूळ चमकावी तशी काहीतरी चमकली आणि मक्यात विरली. मग शेजारचा दिवा तांबडा, मग पलीकडचा. उतारावरून खाली एकामागून एक तांबडे दिवे लागत गेले आणि बायका त्याकडे दिवाळी पाहावी तशा पाहत राहिल्या.

"ड्रोनवाल्याला सांगतो, लग्नाचे फोटो काढ म्हणून," आप्पा म्हणाले, आणि छत्री उघडून निघून गेले.

केतकीचं तिसरा हिस्सा पीक गेलं. बाकीचं वाचलं. खालच्या गावांतही नवी शिकवण पोचली. जुळ्यांच्या आईनं फिरोजकरवी निरोप धाडला, की आता बिनघोर गाते.

मका काढणीला आला तेव्हा फिरोज कानांची डागडुजी करायला आला. केतकीनं त्याला एकदाच, शेवटचं, ते उलटं विचारायला सांगितलं. त्यानं विचारलं. पडद्यातून पानांची सळसळ आली. स्वच्छ, निरोगी, वाऱ्याची. तिच्या आत कुणी नव्हतं. केतकीनं शेवटपर्यंत ऐकलं आणि छान आहे म्हणाली.

फिरोज गेल्यावर ती हिवराखाली बसली. तिच्या डोक्यात आठवडाभर एक विचार घोळत होता, तो आता नीट उभा राहिला. त्या हंगामात शेतात आईचा आवाज ऐकून शिकणारं यंत्र एकटंच नव्हतं. झोळीत आणखी कुणीतरी होतं. तेही सबंध दिवस कान लावून होतं. गुणगुण चालू म्हणजे सगळं ठीक. गुणगुण थांबली म्हणजे काहीतरी बिघडलंय. तेच धडे, त्याच शिक्षिकेकडून. मग एक दिवस गुणगुण कायमची थांबली. यंत्राला नवी शिकवणी मिळाली. आणि आपण? इतकी वर्षं घरात कुणी गप्प झालं की आपण हातातलं टाकून 'काय झालं' विचारायला धावतो, ते कुठून येतं?

तिच्यासमोर जाई उभी राहायचा प्रयत्न करत होती. एका कानाचा बांबू धरून उठली, डुलली, आणि धपकन बसली. रडायला तोंड उघडलं. मग काय वाटलं कुणास ठाऊक, तिनं ते रडणं अर्ध्यात सोडलं आणि बांबूकडे बघत 'हं हं हं' असं काहीतरी सुरू केलं. पायऱ्या चुकत होत्या. दोन वर, एक खाली, पुन्हा एक खाली. पण चाल तीच होती.

दिव्यानं काही दाद दिली नाही. काढणीच्या मक्यात ऐकण्यासारखं उरलंच नव्हतं.

केतकी तिला उचलायला पुढे झाली आणि थांबली. ते सहा दिवस जाई झोळीत होती. तिनं निरोगी ताटापाशी आईची गुणगुण ऐकली आणि अळी हातात असतानाही ऐकली. थांबलेली ऐकली आणि पुन्हा सुरू झालेली ऐकली. तांबडं बटण दाबलं जात असताना न मोडलेली चाल ऐकली.

यंत्र त्यातून विसरायला शिकलं. ही काय शिकली असेल?